टेफ्लॉनचं अस्तर आणि दिल्लीचं लायसन्स : आमची वाटचाल

बाबांनी १९९४ ला भोसरी एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक टर्नर काका एवढाच पसारा होता. कास्टिंग कोल्हापूरहून, शिरोलीच्या फौंड्रीतून यायची, इथे मशीनिंग करून व्हॉल्व्ह जोडायचे आणि साखर कारखान्यांना, डेअऱ्यांना द्यायचे. मी डिप्लोमा करून २००८ ला गाळ्यात आले. पहिली चार-पाच वर्षं तेच काम, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

खरा बदल झाला लाइंड व्हॉल्व्ह सुरू केले तेव्हा. म्हणजे बाहेरून स्टील आणि आतून टेफ्लॉनचं अस्तर, कारण हायड्रोक्लोरिक अॅसिडपुढे साधं काय, स्टेनलेस स्टीलसुद्धा टिकत नाही, खाल्लं जातं, आणि टेफ्लॉनला काही होत नाही. हे काम शिकायला आम्हाला दोन वर्षं लागली. अस्तराला सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी अॅसिड तिथून आत शिरतं, म्हणून प्रत्येक पीसची स्पार्क टेस्ट करायची, हजारो व्होल्टचा ब्रश आतून फिरवायचा आणि कुठे निळी ठिणगी तडतडली की तो पीस बाद. काका तर आवाजावरूनच सांगायचे, "ताई, हा ठेवा बाजूला."

२०१९ ला पहिली डायरेक्ट एक्स्पोर्ट ऑर्डर आली, इजिप्तच्या एका औषध कंपनीची, ६० व्हॉल्व्ह. आयात-निर्यात कोड काढला, एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कस्टमचा नंबर, बघितला ८४८१, त्यापुढे निर्यात 'फ्री' लिहिलेलं, म्हटलं झालं. पेटी बंदरात गेली आणि अडकली. सीएचएचा, म्हणजे आमच्या कस्टम एजंटचा फोन आला, मॅडम, माल स्कोमेटमध्ये येतोय, लायसन्स कुठंय? मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. चूक पूर्ण आमची होती, लेखी कबूल केली, दंड आणि डेमरेज, म्हणजे बंदरात माल पडून राहिल्याचा आकार, भरलं, पेटी परत आणली. पार्टीला फोन करून सांगताना माझा आवाज कापत होता.

आता नवीन एक्स्पोर्ट करणाऱ्यांसाठी हे नीट सांगते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. ८४८१ हा कोड तुमच्या घरच्या नळालाही लागतो, त्यावरून काही कळत नाही. स्कोमेट म्हणजे विशेष रसायनं, जीवजंतू, पदार्थ, उपकरणं आणि तंत्रज्ञान यांची वेगळी यादी, ती निर्यात धोरणाच्या परिशिष्ट ३ मध्ये आहे, आणि तिथे कोड नाही तर वस्तू काय आहे, कशाची बनलीय ते बघतात. आमचं कलम ३डी, केमिकल प्लांटची उपकरणं. व्हॉल्व्ह १० मिमीपेक्षा मोठा आणि आत द्रवाला लागणारा सगळा भाग ३५ टक्क्यांपेक्षा जास्त फ्लोरिन असलेल्या पॉलिमरचा, की लायसन्स लागलंच. टेफ्लॉनमध्ये फ्लोरिन ७६ टक्के. काच, टायटॅनियम, टँटलम यांनाही तेच. पण त्याच मापाचा आमचा साधा स्टेनलेसचा व्हॉल्व्ह यादीत नाही!

सुरुवातीला मला हा छळ वाटला, छोट्या माणसालाच का. मग कारण वाचलं. नर्व्ह गॅस, म्हणजे मज्जासंस्था बंद पाडणारा युद्धातला विषारी वायू, बनवताना जी रसायनं वापरतात ती स्टील खातात, म्हणून असले कारखाने उभारणाऱ्याला आमच्यासारखाच व्हॉल्व्ह, काचेचं अस्तर असलेला रिअॅक्टर (रसायनांची प्रक्रिया होते ते भांडं), सील नसलेला पंप लागतो. इराकने इराणशी युद्धात विषारी वायू वापरला आणि त्याची रसायनं, यंत्रं बाहेरच्या देशांतल्या साध्या व्यापारी कंपन्यांकडून गेली होती, म्हणून १९८५ ला ऑस्ट्रेलिया ग्रुप, म्हणजे असल्या मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांचा गट, झाला, भारत त्यात जानेवारी २०१८ ला गेला. १९८८ ला इराकमधल्याच हलब्जा गावात अशा वायूने एका दिवसात हजारो माणसं मेली, लहान मुलं होती त्यात. ते फोटो बघून मी त्या रात्री झोपले नाही. आमच्या हातचा माल अशा ठिकाणी बसू शकतो हा विचारच कधी डोक्यात आला नव्हता.

लायसन्स डीजीएफटीकडून, म्हणजे दिल्लीच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाकडून, अर्ज ऑनलाइन, वेगवेगळ्या मंत्रालयांची समिती बसून ठरवते. सगळ्यात अवघड एंड यूज सर्टिफिकेट, म्हणजे माल शेवटी ज्याच्या प्लांटमध्ये बसणार त्याने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं की कशासाठी वापरणार आणि परस्पर दुसऱ्याला देणार नाही. इजिप्तवाल्यांनी ते दिलं, थांबले, आणि सहा महिन्यांनी तीच पेटी रीतसर गेली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर आखातातल्या एका ट्रेडरचा मेल आला, २०० व्हॉल्व्ह, पूर्ण पैसे अॅडव्हान्स, भाव न करता. प्लांट कुठला विचारलं तर उत्तर नाही, कुठलं अॅसिड, प्रेशर किती, तेही माहीत नाही, फक्त लवकर पाठवा. त्या महिन्यात बँकेचा हप्ता थकला होता आणि दीर म्हणत होता वहिनी अर्ज तर टाकून बघू. मी नाही म्हटलं. ज्याला प्रेशर रेटिंगशी देणंघेणं नाही त्याला व्हॉल्व्ह कशाला हवाय हे मला कळल्याशिवाय तो भोसरीतून हलणार नाही.

आणि फक्त माल नाही, मेलवर पाठवलेलं ड्रॉइंगसुद्धा निर्यातच धरतात. डिझाइनचा मुलगा एकदा अस्तराच्या मोल्डचं पूर्ण मॉडेल परदेशी पार्टीला पाठवत होता, सेंड दाबायच्या आधी मी बघितलं म्हणून वाचलो. आता बाहेर जाणारं प्रत्येक ड्रॉइंग मी बघते.

बाबा म्हणतात, अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर द्यायला आढेवेढे घेतले म्हणून आपल्या पुण्यात सी-डॅकने १९९१ ला परम बनवला, तेव्हा आपण 'नाही' ऐकणाऱ्यांत होतो. आता 'नाही' म्हणायची वेळ आपल्यावर येते, मोठी जबाबदारी आहे पोरी. ते हल्ली गाळ्यात कमी येतात पण लायसन्सची फाइल आवर्जून मागतात. कागद पाच वर्षं जपायचे असतात, त्या फाइली त्यांच्याच जुन्या लोखंडी कपाटात आहेत.

सध्या एक अर्ज दिल्लीत आहे. त्याचे ४० व्हॉल्व्ह टेस्ट होऊन रॅकवर उभे आहेत, अस्तर दबू नये म्हणून तोंडाला प्लायवूडची झाकणं बोल्ट मारून बसवलीत, आणि काका रोज सकाळी येऊन आधी ती झाकणं घट्ट आहेत का बघतात.