मनगटाचं हाड मोडल्यावर पुन्हा गोलमध्ये : माझा अनुभव

फुटबॉलच्या गोलकीपरला दुखण्याची सवयच असते. बोटं मुरगळतात, कोपरं सोलवटतात, कमरेच्या हाडावरचे काळेनिळे डाग मोसमभर जात नाहीत. त्यामुळे सरावात जवळून मारलेला एक फटका उजव्या तळव्यावर बसला आणि मनगट मागे वळलं, तेव्हा मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. फिजिओला मात्र वाटलं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक छोटा खळगा दिसतो. तिथे त्याने बोट दाबलं आणि मी कळवळलो.

एक्स-रे स्वच्छ आला. तरीही हात स्प्लिंटमध्येच, म्हणजे आधाराच्या पट्टीत बांधून ठेवला, कारण स्कॅफॉइड नावाच्या या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही. एमआरआय झाला आणि ती दिसली. बरेच खेळाडू हे दुखणं नुसती लचक समजून महिनोन्‌महिने अंगावर काढतात आणि मग हाड जुळतच नाही. माझं नशीब की त्या फिजिओला बोट नेमकं कुठे दाबायचं ते ठाऊक होतं.

हाड जेमतेम काजूएवढं. पण त्याचा रक्तपुरवठा उलटा आहे. रक्त बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि मागे मनगटाकडे येतं. हाड मधोमध किंवा मागच्या टोकाला मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्तच तुटतं, म्हणून ते इतकं सावकाश भरतं. डॉक्टरांनी चित्र काढून हे समजावलं तेव्हा धीर आला. का थांबायचं हे कळलं की थांबणं थोडं सोपं जातं. स्क्रू घालायचं ठरलं. ऑपरेशन छोटं होतं, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

त्यानंतरचे दिवस कठीण होते. गोल मारणारा स्ट्रायकर दुखापतीतून उठला तर त्याला शेवटची वीस मिनिटं देता येतात. कडेने खेळणारा विंगर बदली म्हणून येतो, अंदाज घेतो, पुढच्या सामन्यात जरा जास्त खेळतो. कीपरला ही पायरीच नाही. जागा एक, आणि तीही पूर्ण नव्वद मिनिटांची. २०२२च्या डिसेंबरमध्ये स्कीइंग करताना जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबचा कीपर मॅन्युएल नॉयर याचा पाय मोडला आणि पुढच्याच महिन्यात क्लबने यान झोमर हा दुसरा कीपर आणला. त्यात क्लबचा दोष नव्हता, गोल रिकामा ठेवता येत नाही. नॉयर ऑक्टोबर २०२३मध्ये परतला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्या काळात ही गोष्ट मी स्वतःला वारंवार सांगत होतो. चेल्सीचा कीपर पेटर चेक याची आणखी एक. ऑक्टोबर २००६मध्ये त्याची कवटी फुटली आणि जानेवारीत तो पुन्हा गोलमध्ये उभा होता, डोक्याला संरक्षक टोपी घालून. ती टोपी त्याने कारकीर्द संपेपर्यंत काढली नाही.

माझ्या जागी आमचा दुसरा कीपर खेळू लागला आणि चांगला खेळला. वर्षानुवर्षं तो रोज माझ्याइतकाच सराव करत आला होता आणि शनिवारी ट्रॅकसूट घालून बेंचवर बसत आला होता. त्याला वाट पाहणं किती जड गेलं असेल, हे मी स्टँडमध्ये बसलो तेव्हा कुठे मला समजलं. सामन्याआधी आम्ही समोरच्या संघाच्या पेनल्टी एकत्र बघायचो : कोणाचा टेकता पाय कुठे वळतो, कोण शेवटच्या पावलाला थांबतो. अकरा मीटरवरून जोरात मारलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आतच गोलमध्ये शिरतो. बॉल बघून उडायचं म्हटलं तर उशीर झालेलाच असतो, म्हणून हा अभ्यास.

हात बंद, पण पाय मोकळे होते. १९९२मध्ये बॅकपासचा नियम आला. आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॉल तेव्हापासून कीपरला हातात घेता येत नाही, आणि कीपरचे पाय तेव्हाच कामाला लागले. माझा डावा पाय कच्चा होता. त्या महिन्यांत दबावाखाली डाव्या पायाने लांब पास देणं मी पक्कं केलं. या दुखापतीने मला दिलेलं हे एकच चांगलं.

सीटी स्कॅनमध्ये हाड जुळलेलं दिसलं आणि ग्लोव्ह्ज पुन्हा चढले. सुरुवात टेनिस बॉलने. मग मऊ हलका बॉल, खालून टाकलेला. मग खरा बॉल, हातानेच, छातीच्या उंचीवर. मग पायाने, लांबून. डाइव्ह सगळ्यात शेवटी, आधी गुडघ्यांवरून नुसतं कुशीवर पडणं. प्रत्येक टप्प्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट कसं आहे ते बघायचं आणि मगच पुढे.

मनगटाची ताकद परत आली होती, तरी हात बॉलकडे जाईना. गोलकीपिंग कोचने व्हिडिओ थांबवून दाखवलं : डावीकडचा उंच बॉल मी पकडतोय, उजवीकडचा मात्र मुठीने बाहेर ढकलतोय. मला जाणवतही नव्हतं. शरीर माझ्या नकळत मनगट वाचवत होतं. हे त्याने रागावून सांगितलं असतं तर मी बिथरलो असतो. त्याने सराव बदलला. मी गोलकडे तोंड करून उभा राहायचो, तो हाक मारायचा आणि वळता वळता बॉल यायचा, कुठे ते आधी माहीत नसायचं. मनगटाचा विचार करायला सवडच नाही. दोन्ही अंगठे बॉलच्या मागे, बोटं पसरलेली, कोपरं सैल. बॉल नीट बसला की ग्लोव्ह्जच्या लॅटेक्सचा भरीव, दबका आवाज येतो. बोटांवर बसला तर कोरडी चापट ऐकू येते. कोच पाठमोरा असला तरी आवाजावरून सांगायचा, ‘हा नाही, पुन्हा.’

मी बाहेर असतानाच नियमही बदलला. कीपरने बॉल हातात सहा सेकंदांहून जास्त ठेवायचा नाही, हा जुना नियम क्वचितच लावला जायचा. २०२५-२६च्या मोसमापासून बॉल हातात आठ सेकंदांहून जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो. क्रॉस, म्हणजे कडेने आत आलेला बॉल, पकडून त्यावर निवांत पडून राहणं संपलं. माझ्यासाठी याचा अर्थ इतकाच की पकडल्या पकडल्या त्याच उजव्या हाताने लांब फेकायचं, म्हणून फेकीचा सराव वाढवला.

परतीच्या सामन्यात पहिल्या हाफमध्ये उजवीकडे खोल कॉर्नर आला, गर्दीत. मी ‘कीपर!’ ओरडलो, उडालो आणि पकडला. खाली आल्यावर मनगट दुखलं नाही, आणि आमच्या सेंटरबॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, पाठीवर जी थाप मारली ती मात्र दुखली. सामना आम्ही हरलो. तरी त्या रात्री मी फार आनंदात होतो आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

थंडीत मनगट अजून आखडतं. सरावाआधी टेप, मग पाच-दहा मिनिटं रबर बँड, हे आता रोजचंच. दुसरा कीपर दुसऱ्या क्लबमध्ये पहिल्या पसंतीचा झालाय. समोरच्या संघाच्या पेनल्टीचे व्हिडिओ आम्ही अजूनही एकमेकांना पाठवतो, फक्त आमच्या दोघांचा सामना असतो तो आठवडा सोडून.