तुम्ही विचारलंत म्हणून : तक्त्याचे फोटो कशाला काढायचे?

आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर लेन्स तपासायचा तक्ता, म्हणजे काळ्या चौकोनांचा एक मोठा कागद लावलेला असतो. त्याच्यासमोर ट्रायपॉड मांडून मी त्या एकाच कागदाचे पन्नास-साठ फोटो काढत बसते. सहकारी विचारतात, विद्यार्थी विचारतात. फोटोग्राफी करणारे मित्र तर जरा चिडूनच विचारतात, "अहो मॅडम, साताऱ्यात राहता, कास पठार हाकेच्या अंतरावर आणि तुम्ही भिंतीचे फोटो काढता? लेन्स कशी आहे ते बाहेर दहा फोटो काढले की कळत नाही का?"

नाही कळत. मला दोन वर्षं कळलं नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दर जानेवारीत अकरावी-बारावीच्या वर्गांचे ग्रुप फोटो माझ्याच कॅमेऱ्यावर निघतात. पटांगणातल्या आंब्याखाली पुढे खुर्च्या, मागे बाकांवर दोन रांगा. त्यासाठी ३५ मिमीची एक लेन्स सेकंडहँड घेतली होती. एके वर्षी निरोप समारंभानंतर बारावीतली एक मुलगी दोन फोटो घेऊन आली, अकरावीचा आणि बारावीचा. म्हणाली, "मॅडम, दोन्ही वर्षी मी डावीकडच्या टोकाला उभी होते. दोन्ही फोटोंत मी धूसर आले आहे, माझ्या शेजारच्या दोघीही. उजव्या टोकाच्या मुलांच्या शर्टाची बटणं मोजता येतात."

तिचं म्हणणं खरं होतं. ते दोन्ही फोटो मी पाहिले होते, धूसरपणाही दिसला होता. पहिल्या वर्षी वाटलं, फोकस चुकला. दुसऱ्या वर्षी वाटलं, ऊन उतरलं होतं, शटर मंद ठेवावं लागलं, मुलं हलली. बाहेर काढलेल्या फोटोत संशयित फार असतात. हात हलला असेल, वारा असेल, डावीकडची रांग दोन पावलं पुढे आली असेल. प्रत्येक फोटोला काही ना काही कारण सापडतं आणि लेन्स मात्र सुटून जाते. तक्ता हे संशयित एकेक करून बाहेर काढतो. कागद हलत नाही, सपाट असतो, त्याच्यावरचा उजेड मी ठरवते. एवढं करूनही डावी बाजू धूसर आली तर मग बोट लेन्सकडेच जातं.

त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी प्रयोगशाळेत बोलावलं. तक्ता लावला, फोटो काढले. डावी बाजू सॉफ्ट. मग कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा लावला, डोकं खाली. ही युक्ती मला फार आवडते. कॅमेरा उलटा झाला की चौकटीची डावी बाजू भिंतीच्या उजव्या बाजूकडे बघायला लागते. दोष तक्ता तिरका लावण्यात असेल तर तो भिंतीच्या त्याच बाजूला राहतो. दोष लेन्समध्ये असेल तर तो चौकटीबरोबर फिरतो. आमचा फिरला. भिंतीवरचे जे चौकोन पाच मिनिटांपूर्वी रेखीव होते तेच आता पुसट, आणि आधीचे पुसट आता रेखीव. तिघीही काही क्षण गप्प होत्या. कॅमेरा कंपनीचा कुठलाही माहितीपट जे शिकवू शकला नसता ते त्या दुपारी त्यांना समजलं. आणि मलाही.

याला डीसेंटरिंग म्हणतात. लेन्सच्या आतले काचेचे गट एका अक्षावर बसलेले असायला हवेत. एखादा गट कारखान्यातून किंवा पडल्यामुळे केसभर कलला तर एक बाजू बिघडते. म्हणून एकाच मॉडेलचे दोन पीस सारखे नसतात. कंपन्या प्रसिद्ध करतात ते एमटीएफचे, म्हणजे लेन्सच्या रेखीवतेचे आलेख अनेकदा संगणकावर काढलेले, कागदावरच्या आदर्श लेन्सचे असतात. ते खोटे नसतात, पण तुमच्या हातातल्या पीसबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

आता तो कागद. बहुतेकांना वाटतं की त्यावर बारीक-बारीक रेघा असतील आणि शेवटची कुठली रेघ दिसते ते बघायचं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे बघतो तसं. जुने तक्ते तसेच होते. अमेरिकेच्या हवाई दलाचा १९५१ सालचा तीन-तीन पट्ट्यांचा तक्ता आजही वापरात आहे. त्यात प्रत्येक गटात सहा पायऱ्या असतात आणि एक गट ओलांडला की रेघा दुप्पट दाट होतात. पण पट्ट्या वेगळ्या दिसतात की एकजीव झाल्या हे शेवटी बघणाऱ्याचा डोळा ठरवतो. मी सहावी पायरी म्हणेन, तुम्ही पाचवी म्हणाल. वाद मिटत नाही.

माझ्या कागदावर रेघाच नाहीत. काळे चौकोन आहेत, आणि प्रत्येक चौकोन सुमारे पाच अंश तिरका आहे. डिजिटल कॅमेऱ्याची रेखीवता मोजण्याचं आयएसओ १२२३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २००० साली आलं, त्याचा कणा म्हणजे ही तिरकी कड. तिरकी का? कड सरळ उभी असेल तर ती पिक्सेलच्या प्रत्येक ओळीत पिक्सेलला एकाच ठिकाणी कापते. हजार ओळी मोजा, माहिती एकाच ओळीची. कड पाच अंश कलली की प्रत्येक ओळीत थोडी-थोडी सरकत जाते. साधारण अकरा ओळींमागे एक पिक्सेल. म्हणजे त्या अकरा ओळींमध्ये ती पिक्सेलला अकरा वेगवेगळ्या जागी कापते. सॉफ्टवेअर त्या सगळ्या ओळी एकावर एक सरकवून बसवतं आणि पिक्सेलपेक्षा बारीक अंतरावर कडेचं चित्र उभं करतं. अकरावीत तुम्ही व्हर्नियर कॅलिपर वापरला असेल तर ही कल्पना तुमच्या ओळखीची आहे. तिथेही दोन पट्ट्यांच्या खुणा मुद्दाम थोड्या चुकवलेल्या असतात, आणि त्या चुकीतूनच मिलिमीटरच्या दहाव्या भागाचं माप मिळतं. वर्गात दर वर्षी व्हर्नियर शिकवताना मुलांच्या डोळ्यांत जो कंटाळा दिसतो तो या तक्त्यासमोर दिसत नाही.

कड काळ्यातून पांढऱ्यात किती झटकन जाते हे एकदा कळलं की गणिताने पुढचं निघतं. किती बारीक तपशील किती उठावाने (म्हणजे काळ्या-पांढऱ्यातल्या किती फरकाने) दिसेल, त्याचा आलेख म्हणजे एमटीएफ. बारीक चौकडीची इरकल आठवा. हातात घेतली तर प्रत्येक रेघ वेगळी, अंगणाच्या पलीकडून पाहिली तर एकच रंग. मध्ये कुठेतरी अशी जागा असते जिथे रेघा दिसतात पण फिक्या. उठाव निम्म्यावर येतो त्या बारीकपणाला एमटीएफ ५० म्हणतात आणि लेन्सची तुलना करताना बहुतेक वेळा हाच आकडा सांगितला जातो. इमेटेस्ट हे यातलं नावाजलेलं सॉफ्टवेअर, नॉर्मन कोरेन यांनी २००४ साली सुरू केलेलं, पण विकतचं. मी एमटीएफ मॅपर वापरते. ते फुकट आहे आणि घरी करून बघणाऱ्याला पुरून उरतं. तक्त्यांच्या फाइलीही तेच बनवून देतं.

मांडणीवर मात्र वेळ द्यावा लागतो, आणि माझं म्हणणं असं की खरं शिकणं तिथेच होतं. तक्ता मॅट कागदावर छापून घ्या. दुकानातला मुलगा "लॅमिनेशन करू का?" असं विचारेल, त्याला नको म्हणा, नाहीतर दिवा चमकून निम्मे चौकोन जातात. कागद सनबोर्डवर सुरकुती न पडता चिकटवा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकेक दिवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात, म्हणून शटर १/५० किंवा त्याहून मंद ठेवा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली घ्या. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, टायमर चालू.

तक्ता भिंतीवर उभा सरळ आहे की नाही ते मी गवंड्याच्या ओळंब्याने बघते. कॅमेरा त्याच्या अगदी समोर आहे का, यासाठी तक्त्याच्या मधोमध एक छोटा आरसा सपाट टेकवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. सुरुवातीला यात अर्धा तास जातो, हात बसला की पाच मिनिटं.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. काहीही न बदलता, प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून आणि पुन्हा लावून, दहा फोटो काढा. दहा आकडे येतील आणि ते एकसारखे नसतील. त्यांच्यातला फरक ही तुमच्या मोजमापाची चूक. दोन लेन्समधला फरक त्याहून लहान असेल तर त्या दोन लेन्स तुमच्यापुरत्या सारख्या आहेत. "माझी लेन्स तुझ्यापेक्षा इतकी सरस" म्हणून आकडे दाखवणाऱ्याला मी एकच विचारते, हा आकडा कितव्यांदा काढलास? उत्तर बहुधा "एकदाच" असं येतं.

कागद किती मोठा हवा हेही सांगते, कारण इथे फसगत होते. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स लावून ए३ कागदाने चौकट भरायची तर लेन्स कागदापासून साधारण ६३ सेंटिमीटरवर येते. ठीक आहे. पण १४ मिमीची लेन्स लावली तर ती १८ सेंटिमीटरवर! सह्याद्रीच्या कड्यांचे फोटो काढायला घेतलेल्या लेन्सला एक वीतभर अंतरावरच्या कागदावर जोखणं हा तिच्यावर अन्याय आहे. शिवाय काही चांगल्या लेन्सचं फोकसचं प्रतल, म्हणजे जिथलं सगळं रेखीव येतं तो पृष्ठभाग, किंचित वाटीसारखं असतं. सपाट कागदावर त्यांचे कोपरे वाईट दिसतात, प्रत्यक्षात कोपऱ्यातलं झाड थोडं पुढे-मागे असलं की तेच रेखीव येतं. वाइड लेन्सच्या तक्त्यावरच्या कोपऱ्यांवरून मी निकाल देत नाही. डावं-उजवं सारखं आहे का, एवढंच बघते.

मोबाइलबद्दल नेहमी विचारतात. मोबाइलच्या जेपीईजीवर हा प्रयोग करू नका असं मी म्हणेन. फोन कड ओळखतो आणि तिला धार लावतो, काळ्याच्या बाजूला आणखी काळी आणि पांढऱ्याच्या बाजूला आणखी पांढरी रेघ ओढतो. आकडा झकास येतो. त्याच फोटोत गवत मात्र हिरव्या लेपासारखं दिसतं, कारण नॉइज (फोटोतले दाणे) पुसताना पात्यांचा तपशीलही पुसला गेलेला असतो. याच कारणाने आयएसओच्या २०१४च्या आवृत्तीत कडेचा काळा-पांढरा फरक मुद्दाम सौम्य केला, साधारण चारास एक. आणि पोत तपासायला एकमेकांवर पडलेल्या लहान-मोठ्या गोलांचा वेगळा तक्ता असतो. त्याला डेड लीव्ह्ज म्हणतात. झाडाखालच्या पाचोळ्याचं नाव त्याला अगदी शोभतं. रंगांसाठीचा २४ चौकोनांचा तक्ताही बराच प्रसिद्ध आहे, पण रंग हा माझा प्रांत नाही.

तक्त्याने मला एकदा पूर्ण चकवलं, तेही सांगायला हवं. कोकणातल्या एका नातलगांची जुनी लेन्स पाहायला आली होती. तीन पावसाळे कपाटात, आतल्या काचेवर बुरशीचं कोळ्यासारखं जाळं. मला वाटलं, आकडा कोसळणार. पण एमटीएफ ५० जवळपास निरोगी लेन्सइतकाच! मी दिवे तपासले, आरसा तपासला, पुन्हा काढला. तेच. मग तीच लेन्स घेऊन खिडकीच्या दिशेने फोटो काढला तर सगळं चित्र दुधात बुडाल्यासारखं आलं. कारण शोधताना दोन दिवस गेले. बुरशी प्रकाश विखुरते आणि सगळ्या चौकटीवर पातळ पांढरा पडदा धरते. माझ्या खोलीत लेन्सवर थेट उजेड पडतच नव्हता, त्यामुळे पडदा फारसा पडलाही नाही. आणि जो पडला तो गणिताने काढून टाकला, कारण एमटीएफ काढताना सर्वांत ढोबळ तपशिलाचा उठाव शंभर टक्के धरूनच पुढे जातात. सगळीकडे सारखा पसरलेला फिकेपणा त्या हिशेबात दिसतच नाही. तेव्हापासून आलेली प्रत्येक लेन्स मी आधी टॉर्च लावून आतून बघते, एकदा खिडकीकडे तोंड करून फोटो काढते, आणि मगच तक्त्यासमोर नेते.

नवी लेन्स घेणाऱ्यांनाही हेच सांगते. परत करायची मुदत संपायच्या आत एक रविवार द्या. सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या उघडझापीच्या छिद्राला), एफ/४ला आणि एफ/८ला, तिन्हींवर चारही कोपरे बघा. एफ/१६चे आकडे पडले तर घाबरू नका, तिथे छिद्र लहान असल्याने प्रकाश पसरतो, त्या विवर्तनाने एका बिंदूचा ठिपकाच सुमारे २१ मायक्रॉनचा होतो आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा पिक्सेल असतो सहा मायक्रॉनचा. तो लेन्सचा दोष नव्हे. एक कोपरा मात्र तिन्ही अ‍ॅपर्चरला मागे राहत असेल, कॅमेरा उलटा केल्यावरही चौकटीतल्या त्याच जागी राहत असेल, तर फोटो आणि आकडे घेऊन दुकानात जा. "सॉफ्ट वाटते हो" म्हणून गेलात तर वाद होतो, उलट-सुलट काढलेले दोन फोटो शेजारी ठेवलेत तर सहसा होत नाही.

माझी ३५ मिमीची लेन्स मुदतीच्या पार पलीकडे गेली होती. मुंबईत एका जुन्या कारागिराने ती उघडली आणि एका गटाखालची शिम (पातळ चकती) बदलून दिली. परत आल्यावर त्याच भिंतीवर, त्याच दिव्यांत, ओळंबा लावून पुन्हा फोटो काढले. डाव्या-उजव्यातला फरक आता माझ्या दहा फोटोंच्या फरकात बुडून जातो. वरचा उजवा कोपरा अजून थोडा कमी आहे. ग्रुप फोटोत त्या कोपऱ्यात आंब्याच्या फांद्या येतात.