लाइन पे रहो

पुण्यात भाड्याने जागा मिळवायची तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. नारायण पेठेतली आमची आत्या ही त्या परीक्षेची जुनी, कडक परीक्षक. कोथरूडचा तिचा छोटा फ्लॅट रिकामा झाला की ती आधी रंगाऱ्याला बोलावते आणि मग मनातल्या मनात प्रश्नपत्रिका काढते.

यंदा आतेबहिणीने फ्लॅटची जाहिरात ऑनलाइन टाकली आणि चहा गार व्हायच्या आत एक ‘मेजरसाहेब’ फोनवर हजर झाले. पुण्याला बदली झाली आहे, फोटो पाहूनच घर पसंत आहे, भाड्यात घासाघीस नाही, डिपॉझिट आत्ताच पाठवतो. आत्याला संशय आला तो इथे. भाडं ऐकून ‘जरा जास्तच होतंय हो’ न म्हणणारा माणूस खरा असूच शकत नाही, असं तिचं ठाम मत आहे.

सोंग मात्र बेरकीपणे निवडलेलं असतं. लष्कराच्या दक्षिण विभागाचं मुख्यालय पुण्यात, खडकवासल्याला एनडीए, खडकीला दारूगोळा कारखाना. फौजी माणूस घर शोधतोय, यात इथे कुणालाच काही वावगं वाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येऊन पडतं, आणि देशासाठी लढणाऱ्याला काय प्रश्न विचारायचे म्हणून समोरचा गप्प बसतो. मग सांगतात, ‘आर्मीत पेमेंटची पद्धत उलटी असते. आधी तुम्ही १ रुपया पाठवा, आमच्याकडून दुप्पट येतील.’ नाहीतर क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला लावतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, द्यायला लागतो. त्या घाईत नेमकं एवढंच विसरायला होतं आणि खातं साफ.

आत्याने घाई केलीच नाही.

“ग्यारह महिने का अ‍ॅग्रीमेंट होगा, और पुलिस व्हेरिफिकेशन. वो किए बिना मैं चावी नहीं देती.”

“सब हो जाएगा मॅडम, पहले आप पेमेंट ले लीजिए.”

“पेमेंट कहाँ भागके जा रहा है? बाल्कनी में मेरी तुळस है. उसको पानी कौन डालेगा? आप तो बॉर्डर पे जाएँगे.”

पलीकडे क्षणभर शांतता. भारतीय लष्कराच्या वतीने या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार नव्हतं.

“रुको, कुकर लगाया है. तीन शिट्टी होने दो. लाइन पे रहो.”

आणि तो खरंच लाइनवर राहिला! आतेबहीण तोंडात पदर कोंबून बसली होती. कुकर झाला, मग स्कूटर कुठे लावणार यावर चर्चा झाली, मग सासू-सासरे राहायला येतात का, येत असतील तर किती दिवस. शेवटी तो काकुळतीला आला. “माताजी, बस एक बार कोड स्कॅन कीजिए.” त्यावर आत्या म्हणाली, “माताजी नहीं, मॅडम. और मुझे क्रॉस चेक चाहिए, सही के साथ.” मेजरसाहेबांनी एक अस्सल शिवी हासडली आणि माघार घेतली.

यातलं काहीही नाटक नव्हतं, हे मला फार आवडतं. खऱ्या भाडेकरूलाही ती हेच विचारते.

ब्रिटनमधल्या ‘ओटू’ या मोबाइल कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘डेझी’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची आजीबाई तयार केली. भामट्याचा फोन आला की ती आपल्या मांजरीबद्दल आणि विणकामाबद्दल बोलत राहते, कंपनीच्या म्हणण्यानुसार कधीकधी तब्बल ४० मिनिटं. त्याही आधी ‘लेनी’ होता. हा तर नुसता ध्वनिमुद्रित वाक्यांचा म्हातारा. त्याला नीट ऐकू येत नाही आणि मध्येच त्याची बदकं ओरडायला लागतात. इंजिनिअरांनी एवढा खटाटोप करून जे बनवलं, ते आमच्याकडे पेठेत वाड्यावाड्यात तयार मिळतं.

भामट्याचं भांडवल म्हणजे त्याचा वेळ आणि आपली घाबरगुंडी. या जाळ्यात मोठीमोठी माणसंही सापडतात. २०२२ मध्ये पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना आदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले, अमुक खात्यांवर ताबडतोब पैसे भरा म्हणून, आणि १ कोटी रुपयांहून जास्त रक्कम गेली. साहेबाच्या निरोपावर कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. आत्याने विचारला असता. “कशासाठी भरायचे? आणि एवढी कसली घाई?”

तरी प्रत्येकाने असला खेळ मांडावा, असं मी म्हणणार नाही. समोरच्याकडे आपला नंबर असतो, कधी पत्ताही. गप्पांच्या ओघात एखादी खरी जन्मतारीख निसटते. पोलीस असल्याचं सांगून फोनवरच ‘अटक’ करणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांशी तर बोलूच नये, व्हिडिओ कॉलवर तर मुळीच नाही. कायद्यात असली अटकच नाही, तेव्हा फोन ठेवायला परवानगी कुणाची लागते? पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनवर करायचा. नुसताच संशयास्पद कॉल असेल तर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीवर कळवता येतं. आत्याने दोन्ही नंबर-पत्ते कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवले आहेत.

मला एक गोष्ट मात्र खटकत होती. म्यानमार आणि कंबोडियात नोकरीच्या आमिषाने नेलेल्या, पासपोर्ट काढून घेतलेल्या पोरांना मारहाण करून असले फोन करायला लावतात. त्यात आपलीही मुलं होती. सरकारने कित्येकांना सोडवून परत आणलं. त्यांनी दिवसाचं ठरलेलं लक्ष्य गाठलं नाही तर काय होत असेल? हे मी आत्याला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेंगा सोलत राहिली.

पुढच्या आठवड्यात कुठल्याशा बँकेचा ‘केवायसी अधिकारी’ आला. आत्याने त्याला मध्येच थांबवलं आणि विचारलं, “बेटा, तुमको उधर डांबके रखा है क्या? जेवण मिलता है?”

त्याने आधी खो खो हसून घेतलं, मग आईवरून शिवी दिली आणि फोन आपटला.

“नाही गं,” आत्या आतेबहिणीला म्हणाली, “इतक्या मोकळेपणी हसला, म्हणजे हा काही डांबलेला नव्हे. पुढच्या वेळी याला तासभर बसवते.”