पाठकोरे

अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथच्या शेवटच्या काळातल्या कवितांचे बरेचसे खर्डे गुलाबी कागदांवर आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात ती आधी शिकली, मग १९५७-५८ मध्ये वर्षभर तिथेच तिने शिकवलं. तिथले मेमोचे जाडसर गुलाबी कागद तिला इतके आवडले, की कादंबरी लिहायची ती यांवरच असं तिने ठरवून टाकलं आणि कॉलेजच्या स्टेशनरीच्या कपाटातून ते चक्क पळवले. ही कबुली तिचीच आहे, रोजनिशीत. पुढे इंग्लंडमध्ये त्या कागदांवर कादंबरीही झाली. १९६२ साली लग्न मोडलं, घरात दोन लहान मुलं, तेव्हा ती पहाटे चारला उठून मुलं जागी होईपर्यंत कविता लिहायची. कागद कुठले? तेच. कादंबरीचे खर्डे उलटे करून त्यांच्या पाठीवर कविता.

आमच्या लहानपणी घरात पाठकोऱ्यांचा गठ्ठा असे. एका बाजूला आजोबांच्या कचेरीतलं सायक्लोस्टाइल परिपत्रक, दुसऱ्या बाजूला आमची त्रैराशिकं. कोरा करकरीत कागद परीक्षेपुरता. त्यामुळे प्लाथचे हे गुलाबी पाठकोरे पडद्यावर पहिल्यांदा पाहिले तेव्हा कवितेआधी मी मागच्या बाजूची उमटलेली टायपिंगची अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होते. अभ्यासकांनीही हेच केलंय. कुठल्या प्रकरणाच्या पाठीवर कुठली कविता आली, मुद्दाम आली की हाताला लागली म्हणून, यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. छापील पुस्तकात मात्र कवितेला अशी पाठ नसतेच.

हे कागद १९८१ साली स्मिथ कॉलेजनेच विकत घेतले. पळवलेली स्टेशनरी पैसे मोजून परत घेणारं कॉलेज जगात बहुधा हे एकच. तिच्या आईने जपलेली पत्रं आणि शाळकरी वयातले कागद त्याआधीच इंडियाना विद्यापीठाच्या लिली लायब्ररीत गेले होते. एका बाईच्या कागदांची दोन राज्यांत वाटणी झाली.

मला या संग्रहांच्या याद्या वाचायचा नाद आहे. कविता वाचून कंटाळा आला, की मी याद्या वाचते. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी आपापल्या संग्रहांची तपशीलवार यादी सगळ्यांसाठी खुली ठेवलेली असते: बॉक्स इतका, फोल्डर इतका, आत काय. पत्रव्यवहार आलेला, पत्रव्यवहार गेलेला, कार्बन कॉप्या, बिलं, नाताळची भेटकार्डं, ‘किरकोळ’. हा ‘किरकोळ’ नावाचा फोल्डर प्रत्येक कवीकडे असतो आणि मला सगळ्यात जास्त कुतूहल त्याचंच. एकूण संग्रह किती मोठा हे कागद मोजून सांगत नाहीत, फुटांत सांगतात. सगळे बॉक्स एका रांगेत लावले तर फळी किती फूट भरेल, तेवढा तो कवी.

सांभाळण्याचीही एक शिस्त आहे. गंजणाऱ्या टाचण्या आणि क्लिपा काढायच्या, कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये घालायचे. वाचायला येणाऱ्याने पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर बॉक्सबाहेर काढायचा. आणि मुख्य नियम असा, की लिहिणाऱ्याने कागद ज्या क्रमाने ठेवले होते तो क्रम शक्यतो मोडायचा नाही. पूर्वी घरोघरी आलेली पत्रं भिंतीवरच्या आकड्याच्या तारेत ओवून ठेवत, तशातलाच प्रकार. लग्नाच्या आमंत्रणाशेजारी विजेचं बिल आणि त्याच्याखाली कुणाच्या तरी दहाव्याचं पत्र. कुणाला तो गोंधळ वाटेल, पण कशानंतर काय आलं हे त्या तारेइतकं नीट कुणी सांगू शकत नाही.

जिवंत कवीची रद्दी मागायची ही कल्पना मुळात चार्ल्स अॅबट नावाच्या ग्रंथपालाची म्हणता येईल. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात त्याने १९३० च्या दशकात कवितेचा संग्रह उभा करायला घेतला आणि कवींना पत्रं पाठवली: तुमची छापलेली पुस्तकं आम्ही घेऊच, पण खोडाखोड केलेले खर्डे टाकून देऊ नका, आम्हाला द्या. तोवर सुवाच्य पक्की प्रत तेवढी मोलाची, कच्चं ते केराचं, अशी समजूत. काही कवी गोंधळले असणार. डॉक्टर विल्यम कार्लोस विल्यम्स मात्र देत राहिले. न्यू जर्सीतल्या रदरफर्ड गावात त्यांचा दवाखाना. एक रोगी गेला आणि दुसरा आत यायचा आहे, तेवढ्यात ते कविता टिपून घ्यायचे, बऱ्याचदा औषधाच्या चिठ्ठीच्या कागदावर. त्यांच्या कवितेतल्या ओळी आखूड का, याची थोर थोर कारणं समीक्षकांनी दिली आहेत. त्या चिठ्ठीची रुंदीही एकदा मोजून पाहायला हरकत नाही, असं आपलं मला वाटतं.

मग या रद्दीला भाव आला. विद्यापीठं एकमेकांवर चढाओढ करू लागली. कागद दान केले तर त्यांच्या बाजारभावाइतकी रक्कम लेखकाला आयकराच्या उत्पन्नातून वजा करता यायची, म्हणून दानशूरही वाढले. १९६९ च्या कायद्याने ती सवलत गेली. स्वतःच लिहिलेले कागद लेखकाने दान केले तर त्याला वजावट मिळणार फक्त साहित्याच्या खर्चाची, म्हणजे कागद आणि शाईची. कवितेची सरकारी किंमत इतकी स्वच्छ शब्दांत क्वचितच कुणी सांगितली असेल. त्यानंतर दान आटलं, विक्री वाढली. कवी अॅलन गिन्सबर्गने आपलं दफ्तर १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाला सुमारे दहा लाख डॉलरला विकलं. हा माणूस काहीच फेकत नसे. १९६२ मध्ये तो मुंबईत उतरला, इथल्या कवींना भेटला, मग देशभर फिरला, तेव्हाच्या वह्याही त्याने राखल्या आणि पुढे छापल्या. स्टॅनफर्डला त्या दफ्तराबरोबर त्याचे कॅनव्हासचे बूट आणि कापलेल्या दाढीचे केसही मिळाले. दाढीसाठी फोल्डर कुठल्या मापाचा लागतो, देव जाणे.

पण हे सगळं ज्यासाठी करायचं ते काय असतं, हे पाहायचं तर एलिझाबेथ बिशपचे कागद पाहावेत. ते व्हॅसार कॉलेजात आहेत. १९७६ साली छापून आलेल्या तिच्या एका कवितेचे पंधरापेक्षा जास्त खर्डे तिथे आहेत. कविता ‘गमावण्याच्या कले’विषयीची, एकोणीस ओळींची, दोन ओळी फिरून फिरून येणाऱ्या अशा जुन्या काटेकोर बंधातली. छापील कविता वाचताना वाटतं, बाई किती शांत, किती विनोदी! किल्ल्या हरवतात, आईचं घड्याळ हरवतं, घरं जातात, शहरं जातात, सगळं कसं अंगवळणी पडतं. पहिला खर्डा पाहा. त्याला बंध नाही, यमक नाही, मशीनवर बडवलेलं जवळजवळ गद्य आहे. वाचायचा चष्मा दिवसातून दोनतीनदा हरवतो इथून सुरुवात, मग आवडतं पेन, मग घरं, एक बेट, एक अख्खा खंड. आणि शेवटी एक माणूस. मध्यम चणीचं, फार देखणं नव्हे, फार हुशारही नव्हे, असं ती लिहिते आणि मग कंसात: निळे डोळे सोडून.

पक्क्या कवितेत हे डोळे नाहीत. मधल्या खर्ड्यांत ते रंग बदलतात, पुसले जातात. एका खर्ड्यात तर आपण लिहिलंय ते सगळं खोटं आहे, असंच ती सरळ म्हणून टाकते. तेही पुढे गेलं. उरलं ते शेवटच्या ओळीतलं अडखळणं, जिथे ती स्वतःलाच कंसात ‘लिही!’ म्हणून दटावते. ही कविता मला आधीपासून पाठ होती. खर्डे पाहिल्यावर ती म्हणताना त्या कंसापाशी माझा आवाज थोडा वेगळा लागतो.

याच बिशपबाईंनी हार्वर्डमध्ये शिकवताना नुसत्या पत्रांवर एक वर्ग घेतला होता. पत्र हा तिच्या लेखी साहित्याचाच प्रकार. म्हणूनच १९७२ मध्ये तिचा जिवाभावाचा मित्र, कवी रॉबर्ट लॉवेल याने दुरावलेल्या पत्नीची, एलिझाबेथ हार्डविकची, खाजगी पत्रं आपल्या सुनीतांत वापरली, आणि तीही शब्द बदलून, तेव्हा बिशपने त्याला खडसावलं. कलेचं मोल इतकं नसतं, अशा अर्थाचं वाक्य त्या पत्रात आहे. लॉवेलने थोडं इकडचं तिकडे केलं आणि १९७३ साली पुस्तक छापलंच. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. हार्डविकची मूळ पत्रं तिच्या हयातीत बाहेर आली नाहीत. ती २००७ मध्ये गेली, पत्रं छापली गेली २०१९ मध्ये. ती लॉवेलच्या सुनीतांपेक्षा चांगली आहेत. हे माझं मत, आणि मी एकटीच असं म्हणणारी नव्हे.

पण मग मी ती वाचली, त्याचं काय? बिशपचं लॉवेलला लिहिलेलं पत्रही तर खाजगीच होतं. पटतं मला तिचंच, आणि वाचते मात्र मी सगळ्यांचीच पत्रं. यावर मला अजून धड उत्तर सापडलेलं नाही. ‘जाळून टाका’ म्हणणाऱ्यांची बाजू घ्यावी तर प्लाथचा नवरा, कवी टेड ह्यूज आठवतो. प्लाथच्या शेवटच्या महिन्यांची रोजनिशी त्याने नष्ट केली. मुलांच्या वाचनात येऊ नये म्हणून, असं त्याने स्वतः लिहिलं. बाप म्हणून कळतं. पण ज्या वहीत त्याच्याबद्दलच लिहिलेलं असणार ती नष्ट करायचा निर्णय त्यानेच घ्यावा, हे काही केल्या गळी उतरत नाही.

टी. एस. एलियटचं प्रकरण याहून गमतीचं, गंमत म्हणावी तर. एमिली हेल या बॉस्टनच्या मैत्रिणीला, नाट्यशिक्षिकेला, त्याने १९३० पासून पंचवीसेक वर्षांत ११३१ पत्रं लिहिली. १९५६ मध्ये तिने ती प्रिन्सटन विद्यापीठाला दिली. अट अशी, की दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी उघडायची. ती १९६९ मध्ये गेली. तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या पेट्या, आणि २ जानेवारी २०२० ला रांग लावून बसलेले अभ्यासक. पण एलियटही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पत्रं उघडतील त्याच दिवशी जाहीर करायचं म्हणून त्याने एक निवेदन लिहून हार्वर्डमध्ये ठेवलं होतं. त्यात काय, तर हिच्याशी लग्न केलं असतं तर माझ्यातला कवी मेला असता. आणि तिची मला आलेली पत्रं मी सहकाऱ्याकरवी नष्ट करवली आहेत. म्हणजे हजाराहून जास्त पत्रांत तो तिच्यावर जीव ओवाळून टाकतो आणि थडग्यातून एका निवेदनात सगळं परत घेतो. तिचं उत्तर ऐकायची सोयच नाही. अभ्यासक सरसावून बसले, तोच मार्चमध्ये कोविड आला आणि वाचनालय बंद झालं. आता तर ती सगळी पत्रं कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येतात. मी दोनतीनशेवर थांबले. एवढं लाडीगोडीचं पत्र दुसऱ्याला आलेलं सलग वाचवत नाही.

अशा वेळी मी वॉलेस स्टीव्हन्सकडे जाते. हार्टफर्डच्या विमा कंपनीचा उपाध्यक्ष, ऑफिसला चालत जाता जाता कविता रचणारा. त्याचे कागद कॅलिफोर्नियात हंटिंग्टन लायब्ररीत आहेत. सिलोनमधल्या एका ओळखीच्या गृहस्थाला तो पत्र पाठवून चहा मागवायचा, नाताळसाठी तिकडच्या वस्तू मागवायचा. स्वतः कधी सिलोनला गेला नाही, युरोपलाही नाही. तिकडून आलेली बुद्धमूर्ती त्याने हौसेने आपल्या खोलीत ठेवली. चहाची ऑर्डर देणारं पत्रही किती नीटनेटकं असू शकतं, हे पाहायचं असेल तर ती वाचावीत.

आणि मग मेरिअन मूर. तिने आपले कागद १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयाला विकले. १९७२ मध्ये ती गेल्यावर तिची न्यूयॉर्कमधली बैठकीची खोली खुर्च्या, पुस्तकं आणि प्राण्यांच्या छोट्या मूर्तींसकट तिथे जशीच्या तशी मांडली गेली. १९५५ मध्ये फोर्ड कंपनीने या सत्तरीकडे झुकलेल्या कवयित्रीला पत्र टाकलं: नवी मोटार काढतोय, आमच्या यादीतलं एकही नाव मनाला भिडत नाही, तुम्ही सुचवता का? बाई कामाला लागल्या. ‘इंटेलिजंट व्हेल’. ‘मंगूस सिव्हिक’. ‘पास्टेलोग्राम’. ‘आंदांते कॉन मोटो’. पत्रामागून पत्र, सगळं गंभीरपणे. शेवटी ‘युटोपियन टर्टलटॉप’. नाताळात कंपनीकडून गुलाब आले, सोबत ‘आमच्या लाडक्या टर्टलटॉपर’ला शुभेच्छा. मग बरीच शांतता, आणि एक दिवस अदबशीर पत्र: नाव ठरलं, एड्सेल. हेन्री फोर्डच्या दिवंगत मुलाचं नाव.

हा पत्रव्यवहार ‘न्यूयॉर्कर’ने एप्रिल १९५७ मध्ये छापला. एड्सेल बाजारात आली सप्टेंबरात. म्हणजे गाडी पाहण्याआधीच लोकांनी तिची नाकारलेली नावं वाचली होती. दोन वर्षांत कंपनीने ती बंद केली. ‘इंटेलिजंट व्हेल’ एखादे वेळी चालली असती.