चैत्रपालवीसाठी भीमाशंकर : शिडी घाटाने जाऊ नका

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही चौघे कर्जतहून भीमाशंकरच्या पायथ्याच्या खांडस गावी पोहोचलो, ते केवळ चैत्रपालवी पाहण्यासाठी. तिथे एका माहीतगार गृहस्थांनी शिडी घाटाने, म्हणजे कड्याला लावलेल्या शिड्यांवरून वर चढणाऱ्या वाटेने, वेळ वाचेल आणि वाटभर सावली मिळेल, असे ठामपणे सांगितले. या दोन्ही गोष्टी खोट्या ठरल्या. घाटाचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे कड्याची सावली सकाळपुरतीच असते आणि आम्ही दहाला निघालो होतो, त्यामुळे कठीण भाग आला तेव्हा ऊन थेट अंगावर होते.

सगळे शिड्यांची धास्ती घालतात, पण मला शिड्यांवर भीती वाटली नाही. खरा धोका त्यांच्या पुढच्या आडव्या वाटेवर आहे. पानगळीचा पाचोळा मुरमावर इतका जाड साचला होता की खाली दगड आहे की पोकळी, हे पाऊल टाकल्यावरच कळत होते. धरायला वाळलेले गवत, तेही मुळासकट हातात येणारे. तिथे आमचा एक मित्र पाच-सहा फूट घसरला आणि कारवीच्या खोडांना अडकला म्हणून वाचला. त्या टप्प्यात आमचा तास गेला आणि तेवढ्या वेळात मी एकदाही मान वर करून झाड पाहिले नाही. ज्यासाठी आलो तेच हुकले, याचा राग अजून गेलेला नाही.

वर अभयारण्यात रविवारची सकाळ निवांत गेली, शेकरूही दिसले. उतरताना मात्र खांडसला जाणारी दुसरी, लांबची वाट, गणेश घाट, धरली आणि वाटेतल्या पदरवाडी या वस्तीच्या खाली पहिला कुसुंब दिसला. संपूर्ण झाड लालबुंद होते, फुलांनी नव्हे, तर कोवळ्या पानांनी. पानात हरितद्रव्य भरेपर्यंत हा तांबडा रंग त्याला उन्हापासून जपतो. पावसाला अजून दोन महिने असताना खोल मुळांच्या ओलीवर झाड एवढे फुटते, हे डोळ्यांनी पाहून आम्ही चौघेही बराच वेळ गप्प उभे होतो. बाजूला पिंपळाची तांबूस पाने उन्हात थरथरत होती आणि करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या.

म्हणून चढतानाही गणेश घाटच घ्यावा, अंतर जास्त असले तरी. उजाडण्यापूर्वी खांडस सोडावे, माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावे, वाटेतल्या पाण्यावर या दिवसांत विसंबू नये. आणि मार्चअखेर चुकवू नये, कारण थोड्याच दिवसांत तोच कुसुंब हिरवा होऊन इतर झाडांत मिसळून जातो.