ड्रममधल्या निळसर पाण्याची प्लेट

कोल्हापुरात कावळा नाक्याजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही मातीतले उपयुक्त जिवाणू वाढवून भाजीपाला उत्पादकांना देतो. ऑगस्टमधल्या एका बुधवारी शिरोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा ढोबळी मिरचीची पाच रोपे ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला आणि वडिलांचा निरोप त्याने खाली मान घालून सांगितला. आमच्या जिवाणूंची आळवणी करूनही, म्हणजे त्यांचे द्रावण रोपांच्या मुळाशी ओतूनही, दहा गुंठ्यांच्या शेडनेटमधील अडीच हजार रोपांपैकी तीनशेहून अधिक रोपांनी आठवड्याभरात माना टाकल्या होत्या, त्यामुळे वडिलांना पैसे परत हवे होते. सोबत त्यांनी आमची अर्धी उरलेली बाटली आणि आळवणीच्या ड्रमच्या तळाशी राहिलेले पाणीही पाठवले होते. "हेच ओतलंय, तपासा म्हणावं," असे त्यांनी मुलाला बजावले होते.

रोपांच्या खोडांवर जमिनीलगत काळपट तपकिरी पट्टा होता आणि तो खोडाला चहूबाजूंनी वेढून बसला होता. मिरचीची मर अनेक कारणांनी होते, म्हणून आधी एक खोड तिरके कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवले. जिवाणूजन्य मर असती, तर कापलेल्या टोकातून दुधासारखा धागा पाण्यात उतरला असता. पाणी नितळ राहिले. मग काळ्या पट्ट्याच्या कडेचे तुकडे धुऊन पेट्री डिशमध्ये पाण्यात घातले आणि ट्यूबलाइटखाली ठेवून दिले. बाटलीतील द्रावण आणि ड्रममधील पाणी टप्प्याटप्प्याने दहा-दहा पट विरळ करून जिवाणू वाढवण्याच्या पोषक माध्यमाच्या वेगवेगळ्या प्लेटवर पसरवले. ड्रममधले पाणी किंचित निळसर दिसत होते, हे मी तेव्हाच पाहिले होते. मात्र तपासणीपूर्वी त्यावर काही बोलू नये असे मला वाटले. शुक्रवारी वडिलांना स्वतः येण्याची विनंती केली.

शुक्रवारी सकाळी जयसिंगपूरहून एसटीने अण्णा आले. साठीच्या आसपासचे, बोलायला मोजके. राग त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता आणि तो योग्यही होता, कारण शेडनेटमधल्या प्रत्येक रोपामागे बियाणे, ट्रे, ठिबक आणि मल्चिंग पेपर यांचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. मी त्यांना थेट अंधाऱ्या खोलीत नेले आणि अतिनील दिव्याखाली दोन प्लेट शेजारी शेजारी ठेवल्या. आमच्या बाटलीत स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स हा जिवाणू असतो. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या किंग्ज बी या माध्यमावर तो वाढवला, की त्याच्या वसाहती, म्हणजे जिवाणूंच्या वाढीचे ठिपके, या दिव्याखाली पिवळसर हिरव्या चमकतात. बाटलीची प्लेट काठोकाठ चमकत होती.

"काजव्यागत दिसतंय की ओ," अण्णा म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या प्लेटवर बोट ठेवले. "आनि ह्यात?"

त्यात काहीच नव्हते. ड्रममधल्या पाण्याची प्लेट कोरी होती. सर्वांत कमी विरळ केलेल्या द्रावणाच्या प्लेटवरही एक वसाहत उगवली नव्हती. ड्रममध्ये आणखी काय घातले होते, असे मी विचारले. त्यांनी काहीही न लपवता सांगितले की मर दिसू लागल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे बुरशीनाशक टाकले आणि दुकानदाराच्या सल्ल्याने स्ट्रेप्टोसायक्लिनच्या दोन पुड्याही सोडल्या. "तुमचं बी बॅक्टेरियाचं, त्ये बी बॅक्टेरियाचं, म्हणून एकाच ड्रमात दिलं."

हे वाक्य ऐकून मला आमचीच चूक दिसली. त्यांच्या दृष्टीने दोन्ही वस्तू एकाच कुळातल्या होत्या, कारण दोन्हींवर जिवाणू हा शब्द होता. स्ट्रेप्टोसायक्लिन हे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण आहे, म्हणजेच जिवाणू मारण्यासाठीच बनवलेले प्रतिजैविक. आमच्या माहितीपत्रकात 'रासायनिक बुरशीनाशकांसोबत मिसळू नये' एवढेच बारीक अक्षरात छापलेले होते. प्रतिजैविकाचा त्यात उल्लेखच नव्हता. बॅसिलस सबटिलिससारखा जिवाणू बीजाणूच्या रूपात बराच ताण सोसतो, त्याचे बीजाणू ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवूनही उगवतात; स्यूडोमोनासजवळ असे कवच नाही. कॉपर आणि स्ट्रेप्टोसायक्लिन अशा दुहेरी माऱ्यात, त्या ड्रममध्ये तो टिकण्याची आशाच नव्हती.

"म्हंजे मीच मारलं त्यास्नी," अण्णा म्हणाले. मी म्हटले, "अण्णा, ते आम्ही तुम्हाला सांगायला हवे होते."

त्यानंतर मी पेट्री डिशमधील पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दोन दिवसांत खोडाच्या तुकड्यांवर लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, आल्या होत्या. सकाळी ती डिश अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणली होती, त्यामुळे त्या फुटून शेकडो बीजाणू पाण्यात पोहत होते. हा फायटोफ्थोरा कॅप्सिसी, अण्णांची रोपे मारणारा रोगकारक. १९२२ साली लिओनियन यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये मिरचीवरच त्याचे प्रथम वर्णन केले. आपण त्याला सवयीने बुरशी म्हणत असलो, तरी त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि त्याचे बीजाणू दोन शेपट्यांच्या साहाय्याने पाण्यातून मुळापर्यंत पोहत जातात, म्हणून खऱ्या बुरशींपासून तो वेगळा मोजला जातो. कृष्णा आणि पंचगंगेच्या मधल्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ऑगस्टमध्ये त्याला जे हवे ते सगळे मिळते. अण्णांनी एक डोळा मिटून बराच वेळ ती धावपळ पाहिली.

मग आमच्या बाटलीतल्याच वाणाच्या, गाळून जिवाणू वेगळे केलेल्या द्रावणाचा एक थेंब मी काचपट्टीच्या कडेने सोडला. मिनिटभरात कडेचे बीजाणू गोल गोल फिरू लागले, थांबले आणि एकेक करून फुटून गेले. या पोहणाऱ्या बीजाणूंना पेशीभित्तिका नसते. स्यूडोमोनासचे काही वाण साबणासारखे काम करणारी जी द्रव्ये सोडतात, ती त्यांचे उघडे आवरण फाडून टाकतात. अंधाऱ्या खोलीत चमकणारे द्रव्यही रोगाशी झुंजण्याच्या कामाचेच आहे, कारण ते मुळांभोवतीचे लोह पकडून ठेवते आणि रोगकारकाची त्या लोहावाचून उपासमार होते. हा क्षण मी याआधी अनेकदा पाहिला होता. मात्र ज्याचे पीक त्या बीजाणूंनी खाल्ले आहे, असा माणूस शेजारी उभा असताना प्रथमच पाहत होते.

तरीही मला त्यांना खोटी आशा द्यायची नव्हती. काचपट्टीवरील थेंब वेगळा आणि शिरोळची ओली माती वेगळी. खोडाला काळा पट्टा पडलेले रोप जिवाणू बरे करत नाहीत. त्यांना रोगाच्या आधी मुळावर पोहोचून संख्येने ठाण मांडावे लागते. म्हणून मरगळलेली रोपे मुळांभोवतीच्या मातीसकट काढून शेडनेटबाहेर जाळणे, ठिबकचा वेळ कमी करणे, खालच्या टोकाला चर काढणे आणि उभ्या रोपांना या रोगावरच्या मेटॅलॅक्सिलयुक्त औषधाची आळवणी देणे, हे उपाय मी सुचवले. पुढच्या लागवडीला मात्र ट्रेमधल्या कोकोपीटपासूनच जिवाणू द्यायचे आणि लागवडीच्या दिवशी रोपांची मुळे त्या द्रावणात बुडवायची, असे ठरले. पैसे मी परत देऊ केले. त्यांनी त्याऐवजी नवी बाटली मागितली आणि ती उन्हात न ठेवता कुठे ठेवायची, हे दोनदा विचारून घेतले.

त्याच संध्याकाळी आम्ही माहितीपत्रक बदलले. पहिली ओळ आता मोठ्या अक्षरात आहे: 'यात जिवंत जिवाणू आहेत. कॉपर आणि स्ट्रेप्टोसायक्लिन याच ड्रममध्ये घालू नका.'

ऑक्टोबरच्या लागवडीपूर्वी मी अण्णांना एक वाफा जिवाणूंविना ठेवण्याची विनंती केली, म्हणजे तुलना करता आली असती. "एक वाफा म्हंजे अडीचशे रोपं, मॅडम. त्यांनी काय पाप केलंय?" असे म्हणून त्यांनी नकार दिला आणि मला आग्रह करवला नाही. डिसेंबरमध्ये त्यांचा मुलगा मुळांचा नमुना घेऊन आला. शेडनेटच्या खालच्या टोकाची थोडी रोपे गेली होती, बाकीचे पीक उभे होते. त्यातले किती श्रेय चराचे आणि किती जिवाणूंचे, हे मला सांगता येत नाही. मुळांच्या धुवणाची प्लेट दिव्याखाली चमकली, पण मातीत मूळचेही चमकणारे स्यूडोमोनास असतात, एवढे मी मुलाला सांगितले आणि प्लेटचा फोटो त्याच्याकडे दिला.