वजन ४९ किलो, तरीही इन्सुलिन रेझिस्टन्स: माझा अनुभव

पाळी दोन-दोन महिने यायची नाही, तेव्हा घरात एकच कारण निघायचं: पोरगी खात नाही. उंची पाच फूट दोन इंच, वजन ४९ किलो. पीसीओएस (अंडाशयांचा, हार्मोन्स बिघडवणारा विकार) जाड मुलींना होतो अशी आमच्या अमळनेरात सगळ्यांचीच समजूत, त्यामुळे तो विषयच निघाला नाही. हनुवटीवरचे केस पार्लरमध्ये जात होते. मानेवरचा काळा पट्टा मात्र डाळीचं पीठ, लिंबू, उटणं कशालाच दाद देत नव्हता. आजी म्हणायची, "आपला घरना बायास्नी मान अशीच शे." हे वाक्य पुढे फार कामाला आलं.

शेवटी रेल्वेने जळगाव गाठलं. लग्न झालेलं नसेल तर सोनोग्राफी पोटावरून करतात, म्हणजे भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून बसायचं. बाकावर सगळ्या गरोदर बाया, समोर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'ची पाटी, आणि शेजारच्या आजीबाई मला विचारतायत, "कितवा महिना?" बावीस-तेवीसच्या अविवाहित मुलीने स्त्रीरोग तज्ज्ञाकडे जायचं म्हणजे आधी या नजरांमधून जायचं.

रिपोर्टमध्ये दोन्ही अंडाशयं मोठी आणि बारीक बारीक फॉलिकल्सनी भरलेली. डॉक्टर मॅडमनी सांगितलं की या गाठी नाहीत, अर्धवट वाढून थांबलेली अंड्यांची घरं आहेत. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की पीसीओएस म्हणतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन्सचा जोर, सोनोग्राफीतलं हे चित्र. माझ्या पहिल्या दोन जुळतच होत्या. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (पाळी बिघडवू शकणारं आणखी एक हार्मोन) ठीक आले, म्हणजे दुसरं कारणही नव्हतं.

मग त्यांनी ओढणी बाजूला करून मान पाहिली. "हा मळ नाही, हे इन्सुलिन आहे." आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी लिहून दिली.

रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचं, मग ते ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं. दराबा आवडीने खाणारी मी, पण त्या गोडाने मळमळलं. नंतर दोन तास एका जागी बसायचं, फिरायचं नाही, चहा नाही. उपाशीपोटीची साखर ९२ आली, म्हणजे छान. दोन तासांनंतरची १४८, आणि ती १४० च्या आत हवी होती. नुसतं फास्टिंग करून घरी आले असते तर कागदावर ठणठणीत ठरले असते.

आधीच्या एका डॉक्टरांनी इन्सुलिनही तपासायला लावलं होतं, ते १९ होतं. उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन भागिले ४०५ असा होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा, काढतात, माझा ४.३. साधारण अडीचच्या वर गेला की जास्त धरतात. पण मॅडमच्या मते हा आकडा लॅबनुसार बदलतो आणि रोजच्या उपचारात त्याची गरज नसते. माझंही मत आता तेच, ते पैसे वाचले असते.

त्यांनी जे समजावलं ते असं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही. बहिऱ्याशी बोलताना आवाज चढवतो तसं, स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू जात नाही म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. पण अंडाशय बहिरं नसतं. त्या चढ्या आवाजाने ते जास्त टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवतं. शिवाय यकृत त्या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी करतं, म्हणून मोकळा टेस्टोस्टेरॉन वाढतो. केस, पाळी, मान, सगळं एकाच दोरीत ओवलेलं.

मी विचारलं, मग मी बारीक असून मलाच का? उत्तरादाखल प्रश्न आला: "वडिलांकडे साखर कुणाकुणाला?" आतापर्यंत सगळ्यांनी फक्त आईचं विचारलं होतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशातली देवी कानबाई घरात बसली. रोटांना, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला, सगळी भाऊबंदकी एका घरात, माहिती काढायला याहून चांगली जागा नाही. पप्पांना चाळिशीच्या आतच साखर, हे माहीत होतं. काकांनाही आहे, हे तिथे कळलं. मोठ्या फुईला (आत्याला) पहिलं मूल लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालं, आणि धाकट्या फुईची मान माझ्यासारखीच. दोघींनी कधी तपासणी केली नव्हती. "व्हती तशी पाळी," इतकंच.

पुण्याच्या मावसबहिणीने जनुकांच्या किटची जाहिरात पाठवली. मॅडम म्हणाल्या, घेऊ नकोस, त्याने तुझी एक गोळीही बदलणार नाही. पीसीओएसचं एकच एक जनुक नाही. २०११ मध्ये चीनमधल्या मोठ्या अभ्यासात पीसीओएसशी जोडलेल्या जनुकांच्या काही जागा सापडल्या. त्यातल्या थाडा या जनुकाचा संबंध टाइप २ मधुमेहाशीही आहे. पुढे इन्सुलिनचा निरोप घेणारा पेशीवरचा रिसेप्टर घडवणाऱ्या जनुकाचंही नाव जोडलं गेलं. पण प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि सापडलेली सगळी जनुकं मिळून त्यातला थोडाच भाग उलगडतो. रोटांच्या पंगतीत वहीच्या पाठीवर काढलेली वंशावळच माझ्या उपयोगाची ठरली.

मेटफॉर्मिन, म्हणजे शरीराला इन्सुलिनचं ऐकायला मदत करणारी गोळी, ५०० मिलिग्रॅमने सुरू झालं, जेवणासोबत. पहिले काही आठवडे पोटाने छळलं, मग सवय झाली. वजन कमी करायला काही नव्हतंच, म्हणून स्नायू वाढवायचे: जिना, डंबेल्स, जेवणानंतर चालणं. पोळीऐवजी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत, हा बदल खान्देशात शिक्षा वाटत नाही. शेवभाजी महिन्यातून एकदा. केळी सोडली नाहीत. जळगाव जिल्ह्यात राहून ते जमणार कसं? एका वेळी एक, आणि सोबत शेंगदाणे. पाळी आता पस्तीस दिवसांच्या आत येते. मान थोडी उजळली. केसांना वेळ लागतोय.

दादा आधी हसला, "हा बायकांचा आजार." पण इन्सुलिन रेझिस्टन्सची ओढ भावांमध्येही असू शकते, असं ऐकून त्याने तपासणी केली. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ५.९ आला, आणि ५.७ पासून पुढे मधुमेहाच्या आधीची पायरी धरतात. आता माझ्याबरोबर तोही चालतो, कुरकुरत. धाकट्या फुईची मुलगी पुढच्या आठवड्यात जळगावला जातेय. तिला चिठ्ठीवर लिहून दिलंय: नुसतं फास्टिंग नको, ग्लुकोज पिऊन दोन तासांचं पण लिहून घे, आणि चार्जर सोबत ने.